झोपेची कॅप्सूल

सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी दोन खुणा केल्या, मधलं अंतर मोजलं. मग त्यांनी पुन्हा मोजलं.

टेबलावर आडव्या पडलेल्या बसड्रायव्हर बाईंना ते दुसऱ्यांदा मोजणं मुळीच आवडलं नाही. घाटातल्या धुक्यातही ज्यांचा हात कधी कापला नव्हता, त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"पाळी जाऊन तीन वर्षं झाली. आणि रक्त परवा दिसलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"परवा. म्हटलं, निरोप दिलेली पाहुणी परत आली की काय!" बाई हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"हार्मोनचं जेल रोज लावता?"

"एक दिवस चुकवला नाही. अंगाची भट्टी त्यानेच तर विझली."

"आणि रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल?"

'घेते की', अगदी ओठांवर आलं होतं. पण पडद्यावरचा तो जाड, पांढुरका पट्टा समोरच होता.

"ती बंद केली. उन्हाळ्यापासून." "मला पहाटेची गाडी असते. त्या कॅप्सूलने सकाळीसुद्धा डोळ्यांवर झापड. एकदा सिग्नलला डुलकी लागली, मागे बसभर माणसं! आणि तिचा उपयोग तरी काय दिसत होता?"

"तिचं काम दिसत नाही, आत चालतं. जेलमधलं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. कॅप्सूल त्याला आवर घालते. आवर घालणारं कुणी उरलं नाही की..." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "झोपेचं मला सांगायचं होतंत. मार्ग निघाला असता. तसंच औषध गर्भाशयातच सोडणारं साधन बसवता येतं. त्याने सहसा डुलक्या लागत नाहीत."

"कॅन्सर आहे का?" बाईंना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"बहुतेकींची नुसती वाढ निघते, आणि ती औषधाने आटोक्यात येते. पण अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. उद्याच घेऊ."

बाई टेबलावरून उतरल्या आणि दाराकडे वळल्या.

बाहेर बाकावर धाकटी जाऊ पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तीही त्याच डेपोत ड्रायव्हर. गेल्या वर्षी बाईंनीच तिला इथे आणलं होतं आणि तिलाही तेच जेल, तीच कॅप्सूल मिळाली होती.

"काय म्हणाल्या? ओरडल्या ना?" जाऊ हसत म्हणाली. "तरी मी सांगत होते, एवढ्याशा डागासाठी कशाला धावायचं! मला दोनदा दिसला, मी बोलले का कुणाला? तुमचं ऐकून ती झोपेची कॅप्सूल सोडली तेव्हापासून कशी टवटवीत झालेय बघा."

बाईंनी जाऊचा हात धरला, तिला उठवलं आणि तपासणीच्या खोलीच्या दाराकडे ओढत नेलं.

"अहो जाऊबाई, मला कुठे नेताय?" जाऊ अजून हसतच होती. "आणि हात केवढा गार पडलाय तुमचा!"