बाबांची गाडी सुरू होत नाही

बॅटरीची तार सैल करायला लेकीला दोन मिनिटंही लागली नाहीत. रोज लोकांच्या दाढा उपटणारे हात ते. एक नट म्हणजे काय मोठं! तिनं बोनेट हलकेच मिटलं, घरात येऊन चहाचं आधण ठेवलं.

थोड्या वेळानं बाबा खाली उतरले, गाडीत बसले, किल्ली फिरवली. गाडी ढिम्म.

"आज काय झालं हिला?" काच खाली करून त्यांनी विचारलं.

"वय झालं असेल, बाबा. चला, मी सोडते."

वय बाबांचं झालं होतं, पण ते तोंडावर सांगायची तिची हिंमत नव्हती. जन्मभर गोदीत क्रेन चालवलेला माणूस. टनभर लोखंड चिमटीत धरल्यासारखं उचलून जिथल्या तिथं ठेवायचा. त्याला 'तुम्हाला नीट दिसत नाही' असं कुणी म्हणायचं?

पण आदल्याच दिवशी, रविवारी, वळणावर एक सायकलवाली बाई समोर आली होती. लालभडक कपडे घातलेली. बाबांनी ब्रेक दाबला तो लेक किंचाळल्यावर. मागच्या सीटवर नात होती. बाई थोडक्यात वाचली आणि शिव्या घालत निघून गेली.

"कुठून उगवली ही?" बाबा म्हणाले.

ती केव्हाची समोरच होती. त्या रात्री लेकीचा डोळ्याला डोळा लागला नाही.

वाईट वाटत होतं ते गाडीचं. इतक्या वर्षांत त्या पांढऱ्या सेडाननं या घराला एकदाही दगा दिला नव्हता. नात दवाखान्यातून घरी आली ती याच गाडीतून. लेकीचा संसार मोडला तेव्हा याच डिकीत तिचं सामान कोंबून बाबांनी तिला माहेरी आणलं, आणि वाटभर एक प्रश्न विचारला नाही. आईच्या आजारपणात तर मागची सीट म्हणजे आईचा पलंगच झाला होता. बाबा खड्डे असे चुकवायचे की आई उतरताना म्हणायची, "अहो, डोळा लागला की माझा!" अशा गुणी गाडीवर आता लेक आळ घेत होती.

दुपारी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. लेक खिडकीतून बघत उभी. सैल तार अगदी त्याच्या नाकासमोर. त्यानं इकडे ठोकलं, तिकडे वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"काका, हिचा एक पार्ट आता मिळत नाही. मागवतो, पण वेळ लागेल."

लेकीनं मनातल्या मनात त्याचे आभार मानले, आणि त्याच्या अकलेची कीवही केली.

पार्ट काही आला नाही. बाबा रोज सकाळी गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे, स्टिअरिंगवर थोपटून म्हणायचे, "बरं बाई, कर आराम." मग लेकीच्या छोट्या गाडीत गुडघे दुमडून बसायचे. ती त्यांना बागेत जुन्या सोबत्यांपाशी सोडायची आणि पुढं दवाखान्यात जायची.

एका घरात राहूनही दोघांचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'दार लावलं का' यापलीकडं कधी गेलं नव्हतं. त्या अरुंद गाडीत मात्र बाबा बोलू लागले.

"क्रेनवरून माणसं मुंगीएवढी दिसायची," एकदा ते म्हणाले. "पण गोदीच्या कँटीनमध्ये कामाला निघालेली तुझी आई बरोबर ओळखू यायची. पळतच असायची ना कायम!"

एकदा सिग्नलला थांबले असताना, समोर बघतच म्हणाले, "तू परत आलीस ते बरं झालं गं. आई गेल्यावर मी एकट्यानं काय केलं असतं?"

दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न बडवू लागले, तरी लेकीला गिअर टाकायचं सुचेना.

वर्ष सरलं. जेवढी जवळीक वाढली, तेवढी ती सैल तार तिला टोचू लागली. बाबांच्या वाढदिवशी तिनं ठरवलं, आता पुरे. आज सेडान आपण चालवायची, बाबांना शेजारी बसवून गोदीपर्यंत न्यायचं, आणि वाटेत सगळं कबूल करून टाकायचं.

दुपारी बाबा आडवे झाले तशी तिनं तार घट्ट केली, संपलेली बॅटरी चार्ज करून घेतली आणि किल्ली फिरवली. दिवे लागले. इंजिन घरघरलं, पण सुरू होईना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

ती तडक मेकॅनिककडं गेली.

"दादा, रागावू नका. गाडीत काहीच बिघाड नव्हता. तार मीच सैल केली होती."

"माहीत आहे, ताई. दिसत होती की."

"मग बोलला का नाहीत?"

"काका म्हणाले, नको बोलूस. त्यांनीही पाहिली होती."

लेकीनं स्टूल पुढं ओढलं. "पण आता तार लावली, बॅटरी भरली, तरी सुरू का होत नाही?"

मेकॅनिकनं हात पुसले. "कशी होणार? पेट्रोल ओढणारा पंपच नाही तिच्यात. काकांनी मला बोलावून काढायला लावला. ती सायकलवाली बाई आडवी आली ना, त्याच संध्याकाळी. तुम्ही आत स्वयंपाकात होता."

"त्याच संध्याकाळी?" तिनं तार सैल केली होती दुसऱ्या दिवशी सकाळी.

"हो. मी म्हटलं, काका, चालवायची नसेल तर तसं सांगा ना घरात, चांगली गाडी कशाला बंद पाडता? तर म्हणाले, 'मी थांबलो म्हटलं तर पोरीला वाटेल, तिच्या किंचाळण्यानं बापाची गाडी सुटली, आणि ती ते मनाला लावून घेईल. त्यापेक्षा गाडीच थांबू दे.'"