तेरा मे, प्रेक्षक गॅलरी

"हे चालू झालं का?" कमलाकरांनी टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं.

"हो आजोबा. माझा मराठी थोडा वीक आहे, सॉरी."

अक्षया नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती. सकाळच्या ट्रेननं ती लंडनच्या पिनर या उपनगरात आली होती. भारताची पहिली लोकसभा भरली, त्याला आता पन्नास वर्षं होत होती. तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं ती शोधत होती. कमलाकरांनी पत्रात लिहिलं होतं, 'आठवण आहे. पण यायला उशीर करू नका.'

शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी आशाताई शाल पांघरून बसल्या होत्या. पाहुणीकडे बघून त्या हसल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

"दिल्लीत उन्हाची नुसती आग पेटलेली," कमलाकर सांगू लागले. "वय एकोणीस. ओळखीतून गॅलरीचा पास मिळालेला. खाली एकेक खासदार शपथ घेत होता. दुपारपर्यंत गॅलरी निम्मी रिकामी झाली, पण तिथून पाय निघेना. मग एक बाई शपथेला उभ्या राहिल्या आणि आपोआप टाळ्या वाजल्या. तिथं टाळ्या वाजवायच्या नसतात, हे कुणाला ठाऊक! शिपायानं असे डोळे वटारले! मग उरलेला वेळ हात मांडीखाली दाबून बसायचं."

आशाताई खुदकन हसल्या.

"तेव्हा मनात काय वाटला?" अक्षयानं विचारलं.

कमलाकरांनी आशाताईंची शाल सावरली. "वडील बेचाळीसच्या चळवळीत पकडले गेले होते. तुरुंगातच वारले. त्यांच्या वाटचंही बघून घ्यायचं होतं. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, अगदी शिपायासकट. ती हसली आणि मग पदरात तोंड लपवून कितीतरी वेळ रडली."

अक्षयानं टेप फिरतेय ना, ते पाहिलं. "एवढं सगळं कसं लक्षात राहिलं?"

"रोज सांगतो ना. सकाळचा चहा झाला, की."

"रोज? कंटाळा नाही येत?"

"ऐकणाऱ्याला दर वेळी नवंच असतं."

आशाताई पुढे झुकल्या. "धीट होती हो ती टाळ्या वाजवणारी पोरगी! आता कुठं असते ती?"

कमलाकरांनी त्यांचा हात हातात घेतला.

"इथंच आहेस, आशा."