गाणाऱ्याचं मानधन

"नाव सांग," बाई म्हणाल्या. "आमदारांच्या सभेत जो गायला त्याचं."

मंडपवाल्याने खुर्च्या पुसायला घेतल्या. त्या आधीच लख्ख होत्या. "बाई, मी मागे उभा होतो. मला नुसती पाठ दिसली."

"आणि पाठीमागून आवाज ऐकू येत नाही वाटतं?"

तो खाली मान घालून पुसतच राहिला. बाई निघाल्या.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंनी एकच व्रत घेतलं होतं. आमदारांना निवडणुकीत कोण काय पुरवतं आणि पुढे त्याच्या पदरात काय पडतं, याचा माग काढायचा. मागच्या खेपेला एका बांधकामवाल्याने प्रचाराला गाड्या दिल्या आणि वर्षाच्या आत मुलांचं खेळाचं मैदान गिळलं. तेव्हा बाई हळहळल्या होत्या. यंदा त्यांनी कंबर कसली होती.

आमदारांनी दिलेल्या यंदाच्या खर्चाच्या हिशेबात गाड्या होत्या, खुर्च्या होत्या, हारसुद्धा होते. गाणारा तेवढा नव्हता. आणि लोक तर सांगत, सभेला गर्दी लोटायची ती भाषणासाठी नव्हे, आधीच्या गाण्यासाठी! बाईंनी ते ऐकलं नव्हतं. प्रचारभर त्या लेकीच्या अवघड बाळंतपणासाठी परगावी होत्या.

निवडणूक कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना नियम समजावला होता. "गवई फुकट गायला तरी ती देणगीच. तिची किंमत धरली की आमदारांचा खर्च मर्यादेबाहेर जातो, पदसुद्धा जाईल. पण हरकतीत नाव हवं, आणि त्याला काय मिळालं तेही हवं. शेवटची तारीख उद्या."

ती तारीख आज उजाडली होती.

सकाळी त्यांनी यजमानांनाही पुन्हा टोकलं होतं. गाव त्यांना सर म्हणायचं. "अहो, तुम्ही तर इथेच होतात. एवढं गाव ऐकतं आणि तुमच्या कानावर नाही?"

"लेकीसाठी जीव टांगणीला लागलेला," ते भाजी निवडता निवडता म्हणाले. "माझं ध्यान सगळं फोनकडे. मैदान जायचं ते गेलं. सोड की आता."

"सोडते! उद्या शाळाही जाईल, मग तीही सोडते!"

चहावाल्याला काही आठवत नव्हतं. छापखानेवाल्याला घाई होती. सगळे मूग गिळून बसलेले. आमदारांची एवढी दहशत? बाईंना राग आला, मग कीव आली. कुणी डोळ्याला डोळा भिडवेना.

उरला स्पीकरवाला. तो त्यांचाच विद्यार्थी.

"माझ्या वर्गात तू एकदाही खोटं बोलला नाहीस," बाई त्याच्या समोर बसत म्हणाल्या. "आमदाराला भितोस?"

"आमदाराला कोण भितं, बाई?"

"मग कुणाला?"

तो वायर गुंडाळू लागला.

"मी इथून हलणार नाही. शटर ओढायचं तर मला आत ठेवून ओढ."

त्याने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली. शेवटी म्हणाला, "माझ्या तोंडून नाव नाही निघायचं. सभेचं रेकॉर्डिंग आहे. तुम्हीच ऐका."

त्याने बटण दाबलं.

आधी टाळ्या, मग एक लांब आलाप. बाईंचा हात टेबलावर थबकला. लग्न होऊन आल्यापासून त्या याच आवाजाने जाग्या होत होत्या. रोज पहाटे, देवासमोर.

गाणं संपलं. बाहेर शेजारच्या दुकानदाराने हळूच आपलं दार लोटून घेतलं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. गाव आमदारांना नव्हे, बाईंना सांभाळत होतं.

"बाई, राहू द्या ना," स्पीकरवाला म्हणाला. "सर देवमाणूस आहेत."

"बांधकामवाल्यालाही कुणीतरी देवमाणूसच म्हणत असेल."

त्यांनी पिशवीतून हरकतीचा अर्ज काढला आणि गाणाऱ्याच्या जागी यजमानांचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर फळ्यावर यायचं तसंच, सरळ.

"आता मोबदला," त्या म्हणाल्या. "किती घेतले त्यांनी? भीड नको. खरं तेच सांग."

"पैसा नाही घेतला, बाई." त्याने मान फिरवली. "मोठ्या इस्पितळात जागा नव्हती. आमदारांनी फोन केला, तेव्हा तुमच्या लेकीला खाट मिळाली."