तिसरा उशीर

अनंता तालमीत शिरला तेव्हा बाकीच्यांच्या बैठका होऊन गेल्या होत्या.

“राजे आले,” काळूराम म्हणाला. “पालखी धाडायची होती, वस्ताद.”

पोरं हसली. वस्ताद दयाराम हसला नाही. पलटणीतून सुटून आल्यापासून त्याच्या तालमीत एक नियम होता. जत्रेच्या महिन्यात तीनदा उशीर झाला की जत्रेत कुस्ती नाही. काशीदच्या जत्रेत उतरणाऱ्या सहा जणांची नावं भिंतीवर कोळशाने लिहिलेली होती. अनंताचा हा तिसरा उशीर.

दयारामने फडकं भिजवलं आणि तो भिंतीपाशी गेला. अनंता नुसता हात जोडून उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताची बोटं टोकांना भाजलेली होती, दोन ठिकाणी फोड होते.

चैत्रात बायको गेल्यापासून दयारामचीही बोटं तशीच भाजत होती.

“घरात भाकऱ्या कोण करतं?”

“मीच.”

“आणि आई?”

“आठ दिस झालं, उठत न्हाय. धाकटी चार हायत.” अनंता जरा थांबला. “भाकर मोडते तव्यावर. परत थापावी लागते.”

“पिठाची उकड काढ आधी. मग मळ. मोडणार नाही.”

आता कोणी हसलं नाही. दयारामने फडकं खाली ठेवलं. “याचं नाव राहील.”

काळूराम फावड्याने आखाड्याची माती उकरत होता. त्याचा हात थांबला.

“गेल्या साली माझं पुसलंत.”

दयाराम वळला.

“तीनदा उशीर झाला, पुसलंत. मना इचारलं न्हाय.”

“तू सांगायचं होतंस.”

“यानं तरी कुठं सांगितलं? तुमी इचारलंत.”

खरं होतं. गेल्या साली दयारामला ताटात आयती भाकरी मिळत होती.

“का होत होता तुला उशीर?” त्याने विचारलं.

“बाबा होडीत पडला होता, कंबर गेली होती. सकाळी त्याला उचलून मागल्या दारी न्यायचो. मग धुवायचो.” काळूरामने फावड्याची माती बोटाने काढली. “दिवाळीत गेला.”

बाहेर भरतीचं पाणी वाजत होतं. दयारामला भिंतीवरच्या नावांकडे बघवेना.

“तूच सांग. पुसू?”

काळूरामने अनंताच्या बोटांकडे पाहिलं.

“नको. ते पुसून माझी गेल्या सालची कुस्ती व्हायची न्हाय.” मग म्हणाला, “पण उशीर झालाय. शंभर बैठका घालू दे त्याला.”

“घाल,” दयाराम अनंताला म्हणाला.

अनंताने मोजायला सुरुवात केली. काळूराम पाठ फिरवून परत माती उकरू लागला. माती केव्हाच मोकळी झाली होती. तो उकरतच राहिला, आणि त्याला ‘पुरे’ म्हणायला दयारामची जीभ उचलेना.