दीड सेकंद

एकाच तक्रारीसाठी एकाच घरी चौथी खेप पडली, तेव्हा ब्लाइंड्सवाला पुरता वैतागला. "मोटर ठणठणीत आहे हो," म्हणत त्याने रिमोटचं बटण दाबून सोडलं. खिडकीवरच्या पट्ट्या किंचित वळून निमूट थांबल्या. "पूर्ण उघडायला दीड सेकंद ठेवलाय. आणखी काय हवं?" आजोबा समोरच खुर्चीत बसले होते. "मग रोज यांच्या डोळ्यांवर ऊन कसं येतं?" आजींनी विचारलं. त्याने कपाळावर हात मारला आणि रिमोट आजोबांना दिला. "घ्या, तुम्हीच दाबा." आजोबांनी आखडलेला अंगठा टेकवला. पट्ट्या सताड उघडल्या, ऊन तोंडावर आलं, तरी अंगठा बटणावरून उठेना. ब्लाइंड्सवाल्याने मोबाइलवरच्या सेटिंगमध्ये दीडचे नऊ सेकंद केले आणि आजोबांना पुन्हा दाबायला सांगितलं. या वेळी अंगठा उठला, तेव्हा पट्ट्या जेमतेम कलल्या होत्या. "आधीच नाही का सांगायचं, आजोबा?" "दर वेळी बटण तुम्हीच दाबत होतात."