पुढच्या दोन खुर्च्या

इकडं सरका, बसा. एक गोष्ट सांगतो. फार वेळ नाही घेत.

थोरला विमानतळावरच्या काट्यावर उभा होता, हातात बॅग धरून. हो, काट्यावर! विमानतळ केवढा, तर एक खोली आणि एक बाक. विमान नऊ माणसांचं. असल्या विमानात सामानाबरोबर माणसंही तोलतात आणि वजन बघून कोण कुठं बसणार ते पायलट ठरवतो.

थोरला मनातून खूश होता. वडिलांच्या घरातला भाडेकरू आज घर सोडणार होता. भावांपैकी जो समोर येईल त्याला किल्ली देणार होता. आणि एकदा किल्ली हातात आली की घर कुणाचं, हे सांगायला वकील कशाला लागतोय? धाकटा येणार बसनं. मधे डोंगर आडवा, म्हणून रस्त्यानं अख्खा दिवस. विमानानं पाऊण तास. धाकटा पोचेपर्यंत हा कुलूप बदलून मोकळा.

मागं वळून बघतो, तर रांगेत धाकटा!

थोरल्याचा पारा चढला. जो गडी गच्चीच्या कठड्याशी जायला घाबरायचा, तो किल्लीपायी आभाळात निघाला! घराच्या वाटणीवरून बिनसल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

बापाची दोन्ही लेकरं अंगानं भरलेली. पायलटनं बोट दाखवलं. "तुम्ही आणि तुम्ही, पुढच्या दोन खुर्च्या."

"ह्याच्या शेजारी नको," थोरला म्हणाला.

"काका, भांडण खाली उतरल्यावर करा. विमान कलंडलं तर भांडायलाही कुणी उरणार नाही."

बसले. इंजिनाचा आवाज असा, की शिवी दिली तरी शेजारच्याला ऐकू जाऊ नये. डोंगरावर हादरे बसायला लागले. धाकट्यानं डोळे गच्च मिटले आणि थोरल्याचं मनगट धरलं. थोरल्यानं हात झटकला. त्यानं परत धरलं. तोंड पांढरंफटक, घामानं डबडबलेलं. मग थोरल्यानं हात तसाच राहू दिला. त्याच्याकडं बघितलं मात्र नाही.

उतरल्यावर धाकटा कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकला. थोरल्याला खरं तर सुटायचं होतं, पण पाय निघेना. पाण्याची बाटली पुढं करत तो गुरगुरला, "एवढा जीव जातो तर बसनं मरायचं होतंस. किल्लीची एवढी घाई?"

धाकट्यानं चूळ भरली. "किल्ली घाल चुलीत. वहिनीचा फोन आला होता. डॉक्टरनं तुला एकट्यानं फिरू नको सांगितलंय आणि तू कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस. रडत होती रे, दादा."

थोरला कितीतरी वेळ बाटलीला झाकण लावत राहिला. काही केल्या बसेना. मग तो धाकट्याची बॅग उचलायला वाकला.

"ठेव खाली! जड आहे ती."

किल्ली कुणाच्या खिशात गेली, मला नाही माहीत. परत मात्र दोघं बसनं निघालेत. तुम्ही त्याच बसमधे असाल आणि पुढच्या बाकावर दोन जाडे म्हातारे एकमेकांवर खेकसताना दिसले, तर तेच हे दोघं समजा. त्यांचं बोलणं अख्ख्या दिवसात संपायचं नाही. तेवढं मधे पडू नका, बरं का.