‘रु’वरची नऊ गाणी

तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा मोरोझुमी-सानच्या ध्यानात आलं, की खोलीतले सगळे तिचीच यादी गाताहेत. तीही त्याच क्रमानं.

यादी तिच्या पर्समध्ये होती. नऊ गाणी, काशिवाच्या सुबक अक्षरात, कोपऱ्यात एक हसरं मांजर. सोमवारी तिनंच मागितली होती. "काशिवा-चान, मला नवी गाणी येत नाहीत गं. ‘रु’ आला की मी मेले. चार सुचव ना." दर मार्चअखेर मालमोजणी संपली की हिशेबखातं कराओकेला यायचं आणि भेंड्या खेळायचं. गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरून पुढचं गाणं. ‘रु’नं संपणारी गाणी ढिगानं आणि ‘रु’नं सुरू होणारी बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे जो तो शेजाऱ्याच्या गळ्यात ‘रु’ अडकवायला बघायचा. हरणाऱ्यानं सगळ्यांना तळलेली कोंबडी खिलवायची, एवढीच शिक्षा.

सोमवारी काशिवाच्या मनात पाप नव्हतं. चार मागितली तर तिनं नऊ दिली. वाक्कानाईच्या शाखेचं पत्र आलं ते आज दुपारी. उत्तरेच्या टोकावरच्या शीतगृहात एप्रिलपासून एक हिशेबनीस हवा. मोरोझुमी आणि काशिवा, दोघींपैकी एक पाठवा.

"दोघी सारख्याच कामाच्या," तोदोरोकी साहेब म्हणाले होते. "मी कुणावर अन्याय करू? यंदा भेंड्या दोघींतच लावू. हरेल ती जाईल." सगळे हसले. साहेब चेष्टा करताहेत असं मात्र कुणालाच वाटलं नाही.

काशिवाचं लग्न जूनमध्ये होतं. खात्यातल्या सगळ्यांना आमंत्रण होतं, साहेब तर भाषण करणार होते. मोरोझुमी-सानच्या नवऱ्याचं डायलिसिस दिवसाआड असायचं. त्याचं आमंत्रण कुणाला नसतं.

"नियम ऐका," नागुमोनं आल्या आल्या सांगितलं होतं. हा साहेबांचा उजवा हात. "भेंड्यांआधी बाकीच्यांनी एकेक गाणं म्हणून गळा मोकळा करायचा. आज या खोलीत जे गायलं गेलं ते भेंड्यांत बाद. यंत्र नोंद ठेवतं, तेव्हा वाद नको."

बाकीचे नऊ जण होते. हिशेब चोख होता.

चौथं झालं, पाचवं झालं. मोरोझुमी-साननं काशिवाकडे पाहिलं. काशिवा बटाट्याच्या काड्यांवर मीठ भुरभुरवत होती. आठवं गाणं साहेबांनी स्वतः म्हटलं. सूर सोडला तर बाकी सगळं जमलं. नववं नागुमोनं म्हटलं आणि खाली बसताना तो म्हणाला, "मोरोझुमी-सान, तुमचा चेहरा का उतरला? अजून सुरुवातसुद्धा नाही."

सुरुवात काशिवानं केली. तिचं पहिलंच गाणं ‘रु’वर संपलं. एकानं शीळ घातली.

"तीस सेकंद," नागुमो म्हणाला. "एकोणतीस, अठ्ठावीस..." मोजणी भरभर चालली होती.

मोरोझुमी-साननं पर्स उघडली नाही. डायलिसिसच्या खोलीत खिडकीवर एक रेडिओ असतो. चार चार तास, दिवसाआड, सहा वर्षं ती त्याच्याखाली बसत आली होती. तिनं यंत्राच्या पाटीवर बोटानं एक नाव लिहिलं. यंत्राला ते सापडलं. ‘रुसुबान नो हिरु’, म्हणजे एकटीनं घर राखायची दुपार.

"हे कुठल्या जमान्यातलं?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या," ती म्हणाली आणि गायली. आवाज पहिल्या ओळीला थरथरला, पुढे नाही. कडवं संपलं. गाण्याचं नावही ‘रु’वरच संपत होतं, हे सगळ्यात आधी काशिवाला उमगलं.

काशिवानं पाटी ओढून घेतली. ‘रु’वरची नऊ गाणी तिला येत होती. नऊच्या नऊ समोरच्या पडद्यावर नोंदलेली होती, गाणाऱ्यांच्या नावांसकट.

"तीस," नागुमो म्हणाला. मग जरा पाणी प्याला. "एकोणतीस." त्याचे सेकंद लांबत गेले. दहाच्या पुढे त्याला खोकला आला. खोकून खोकून किती खोकणार? शेवटी शून्य आलंच.

काशिवाच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे साहेबांकडे बघत होते.

साहेबांनी तोंड पुसलं. "वा, मोरोझुमी-सान. इतकं जुनं गाणं, आणि एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वाक्कानाईला वीस वर्षांच्या जुन्या वह्या लावायच्या आहेत. त्याला असंच डोकं पाहिजे."

"पण साहेब, मी जिंकले."

"म्हणून तर."

नागुमो आधी हसला. मग हळूहळू बाकीचे.

"तुम्ही खरंच छान गायलात, मोरोझुमी-सान," काशिवा म्हणाली. ती नाक पुसत होती.

भिंतीवरचा फोन वाजला. नागुमोनं उचलला. "खोलीची दहा मिनिटं उरलीत म्हणे. वेळ वाढवायचा का?"

"कशाला?" साहेब म्हणाले. "काशिवा, शेवटचं तू म्हण. आता नियम-बियम काही नाहीत."

काशिवानं यादीतलं पहिलं गाणं लावलं. नागुमोनं टेबलावरची खंजिरी उचलून मोरोझुमी-सानच्या हातात दिली.

चार दिवस बसमध्ये येता-जाता पाठ केलेलं गाणं ते. तिची खंजिरी एका ठिकाणीही चुकली नाही.